गुलफामचा हात

‘पंचेचाळीस डिग्री’ हा आमचा पहिला आणि बहुतेक शेवटचा अल्बम. त्यात नऊ गाणी आहेत. प्रत्येक गाण्याखाली लिहिलंय, ड्रम्स : गुलफाम खान. त्या नऊ गाण्यांत गुलफामचा एकही ठोका नाही. ही लबाडी स्टुडिओवाल्याची नाही, नशिबाची तर मुळीच नाही. माझी आहे. अजूनही कोणीतरी ओळख काढून सांगतं, तुमचा ड्रमर काय पक्का आहे हो, इकडचा तिकडे होत नाही. मी थँक्यू म्हणते आणि नंतर दिवसभर घरातल्यांवर खेकसत राहते.

आम्ही तिघं होतो. मी जुईली, गाणं माझं आणि गिटार बडवणंही माझंच. सौमित्र बेस वाजवायचा. तो इतका कमी बोलायचा की बेसच त्याच्या वतीने बोलतो असं आम्ही म्हणायचो. आणि ड्रमवर गुलफाम. बँडचं नाव ‘फरार नवरदेव’. अमरावतीत असलं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, ऑर्केस्ट्रा आहे का? नाही म्हटलं की, मग गणपतीत वाजवता का? माझे बाबा राजापेठेत वकिली करतात. त्यांनी आमचा पहिला कार्यक्रम मागच्या खुर्चीवर बसून पूर्ण ऐकला आणि घरी आल्यावर एवढंच विचारलं, “तुला नेमका कोणाचा राग आलाय?” मला सगळ्यांचाच आला होता. वय एकवीस होतं, बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं आणि आमच्या गल्लीतली प्रत्येक मुलगी कुठल्या ना कुठल्या क्लासला जात होती. गाणी त्यावरच होती. एक कूलरमध्ये पाणी टाकण्यावरून घरात होणाऱ्या मारामारीवर, एक बापाची स्कूटी बडनेऱ्याच्या पुलावर बंद पडते त्यावर, एक एमपीएससीच्या पाचव्या प्रयत्नावर.

गुलफाम अकोल्याचा. आमच्या कॉलेजच्या शेजारच्या पॉलिटेक्निकला डिप्लोमा करायचा. गॅदरिंगला आमचा ठरलेला ड्रमर ऐनवेळी गायब झाला आणि मी स्टेजमागे त्याच्या नावाने शंख करत होते, तेव्हा हा काटकुळा पोरगा समोर येऊन म्हणाला, “मी वाजवू का? सेट कधी वाजवला नाही. पण वाजवतो.” वाजवलं त्याने. गाणं त्याला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता, समोर नाचणाऱ्या पोरांच्या पायांकडे बघत होता. शेवटचं कडवं आलं तसा त्याचा हात असा काही सुटला की मला शब्द अर्धे खाऊन त्याच्यामागे धावावं लागलं. पोरं वेडी झाली. मीही झाले. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला विचारलं, हे काय होतं?

“मंडप आनला,” तो म्हणाला.

हे समजायला मला अकोल्याला जावं लागलं. गुलफामच्या वडिलांचा, नबीचाचांचा, अकोट फैल या वस्तीत ब्रास बँड होता. लग्नाच्या वरातीत वाजवणारा, लाल कोट आणि सोनेरी झुपकेवाला. नबीचाचा स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. गुलफाम दहाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी ड्रम गळ्यात अडकवून चालत होता. वरात निघते तेव्हा ठोका चालीचा असतो. पण नवरदेवाचे मित्र रस्त्यातून हलत नाहीत, नागीण होऊन जमिनीवर लोळतात, तिकडे मुलीकडचे घड्याळ बघत दारात उभे असतात आणि मुहूर्त हातचा जायला लागतो. त्यांना हाताला धरून ओढलं तर भांडणं होतात. म्हणून मंडपाचे लाइट दिसले की नबीचाचा ट्रम्पेट ओठांवरून न काढता भुवई वर करायचे आणि गुलफाम ठोका वाढवायचा. एकदम नाही, थोडा थोडा. नाचणाऱ्यांना कळायचंही नाही. पाय आपोआप पुढे पडायचे आणि अख्खी वरात हसत, धापा टाकत दारात जाऊन धडकायची. याला त्यांच्यात मंडप आणणं म्हणायचे. नबीचाचांनी ते त्यांच्या वडिलांकडून घेतलं होतं.

“शिकाने का नहीं है वो,” नबीचाचा मला म्हणाले होते. “पाँव देखो, बस. पाँव बताते.”

आमच्या बँडमध्ये जे काही होतं ते हेच होतं. गाणी मी बरी लिहायचे, पण तशी गाणी ढीगभर पोरं लिहितात. आमच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी मंडप यायचा. मोर्शीच्या कॉलेजात तो असा आला की प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन पोरं नाचली आणि प्राचार्यांनी स्वतः येऊन मेन स्विच बंद केलं. वीज गेली, माझी गिटार मुकी झाली, पण गुलफामचे ड्रम चालूच होते. पोरं तेवढ्यावर आणखी पाच मिनिटं नाचली. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्ही ठरवलं, अल्बम काढायचा.

अल्बम कसा काढतात हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. स्टुडिओ होता सागरदादाचा, एका मंगल कार्यालयाच्या मागे, भिंतींना जुन्या गाद्या लावलेला. सागरदादा भजनं रेकॉर्ड करायचा, आरत्या करायचा आणि निवडणुका आल्या की प्रचाराची गाणी. त्याची एक पद्धत होती. मशीनवर ठेका लावायचा, बुवांचा आवाज आधी घ्यायचा, कारण बुवांना वेळ नसतो. पेटी, टाळ, बाकीचं सगळं नंतर त्यावर चढवायचं. आम्हाला वाटलं, रेकॉर्डिंग असंच असतं. रॉक बँडवाले आधी ड्रम घेतात आणि मग त्यावर बाकी सगळं उभं करतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यातून एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. गुलफामने फोनवर सांगितलं, “तुमी तुमचं करून घ्या. लग्नं आटोपली की मी येतो. अब्बाजवळ मानसं कमी हायेत.”

म्हणून मी आणि सौमित्रने मशीनच्या टिकटिकीवर सगळं उरकलं. आणि मला हे सांगायलाच पाहिजे, मी त्या दिवसांत फार चांगली गायले. पुन्हा कधी तशी गायले नाही. आवाज कुठे चिरकला नाही, श्वास पुरला, शब्द एकेक नीट वाजला. सागरदादा काचेपलीकडून अंगठा दाखवायचा. मी रोज रात्री तेच ऐकत झोपायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुलफाम एसटीने आला. काठ्या फडक्यात गुंडाळलेल्या, मानेवर ड्रमच्या पट्ट्याचा वळ अजून ताजा. हेडफोन घालून बसला. कानात टिकटिक आणि माझा आवाज. पहिलं कडवं ठीक गेलं. शेवटच्या कडव्याला हात सुटला आणि माझा रेकॉर्ड केलेला आवाज मागे राहिला. सागरदादाने थांबवलं. पुन्हा. पुन्हा. बारा वेळा झालं. गुलफामला घाम फुटला. तो हट्टाने करत नव्हता. तो खरोखर प्रयत्न करत होता आणि त्याला जमत नव्हतं.

“मी कोनाले पाहून वाजवू?” तो शेवटी म्हणाला. “इथं त कोनीच नाचून नाई राहिलं.”

मग त्याने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, “तुमी दोघं आत या. एकदा मिळून वाजवू. आपलं जसं असते तसं.” आम्ही गेलो. गाद्यांच्या त्या खोलीत, पंखा बंद करून, नऊच्या नऊ गाणी सलग वाजवली. मी नाचतही होते, तो माझ्या पायांकडे बघत होता. सौमित्रसुद्धा हसला, म्हणजे बघा. संपल्यावर गुलफाम सागरदादाला म्हणाला, “आता बसवा भाऊ कसंबी यातून.” दुसऱ्या दिवशी पातूरला लग्न होतं, म्हणून तो संध्याकाळच्या गाडीने गेला. आपले ड्रम झाले असं समजून गेला.

सागरदादाने मला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. म्हणाला, हे त्या आवाजावर बसणार नाही, देव आला तरी बसवू शकणार नाही. दोन रस्ते आहेत. एक, त्याचे ड्रम खाली ठेवून तुम्ही सगळं पुन्हा गा, पुन्हा वाजवा. आठ-दहा दिवस जातील. दोन, ड्रम मशीनवर बनवतो. दोन दिवसांत देतो, कोणाच्या बापाला कळणार नाही. “मानसानं वाजवल्यासारखं वाटावं म्हनून थोड्या चुका पन टाकतो मधी मधी,” तो म्हणाला. खरंच असं म्हणाला.

पुण्यातल्या एका महोत्सवाने आम्हाला वीस मिनिटं दिली होती. त्याआधी अल्बम बाहेर हवा, ही त्यांची अट होती. एक जुलैची तारीख मीच पोस्टरवर टाकून बसले होते. लोकांना मी हेच कारण सांगितलं असतं. ते खोटं नाही. पण ती तारीख पुढे ढकलता आली असती, एक फोन करायचा होता. खरं कारण हे की मला माझा तो आवाज सोडवत नव्हता. पुन्हा गायले आणि तसं झालंच नाही तर? गुलफामच्या मागे धावत, शब्द खात, धापा टाकत गायलेली जुईली मला अल्बमवर नको होती. मला ती दुसरी हवी होती.

सौमित्र म्हणाला, “गुलफामले विचार.”

मी म्हटलं, “विचारते.”

विचारलं नाही. दुपारी फोन हातात घेतला, मग वाटलं, लग्नात असेल. संध्याकाळी वाटलं, थकला असेल. तिसऱ्या दिवशी सागरदादाने ड्रम ऐकवले आणि ते इतके साफ, इतके महागड्या बँडसारखे होते की मी स्वतःला म्हटलं, ऐकल्यावर त्यालाही आवडेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला काही सीमा नाही. अल्बमवर त्याचं नाव तसंच राहू दिलं. ते काढलं असतं तर त्याला कळलं असतं ना.

एक जुलैला सकाळी अल्बम आला. मी आदल्या दिवशीच गुलफामला बजावलं होतं, एकट्याने ऐकू नको, मी अकोल्याला येते, मिळून ऐकू. मनात होतं, आधी त्याला बाहेर चहाला न्यायचं, सगळं सांगायचं, हवं तर शिव्या खायच्या आणि मग ऐकवायचं. मूर्तिजापूरपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. बोरगावला ती पाठ झाली होती.

नबीचाचांच्या बँडच्या दुकानाशी पोचले तर बाहेर सतरंजी अंथरलेली. बँडचे सात-आठ लोक दाढी करून, इस्त्रीचे शर्ट घालून बसलेले. क्लॅरिनेटवाले श्रावणकाका भातकुलीहून मुद्दाम आले होते. मधल्या स्टुलावर फुलांचा हार घातलेला ब्लूटूथ स्पीकर. होय, हार. गुलफामची आई अकीलाचाची दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. नबीचाचांनी मला बघून दोन्ही हात पसरले.

“आव बेटी, आव. तुम्हारे बगैर किसी को हाथ नहीं लगाने दिया मैंने,” ते म्हणाले. “चालीस साल बजाया, कभी रेकॉर्ड नहीं हुआ. आज घर का हाथ रेकॉर्ड पे आया.”

गुलफाम कोपऱ्यात उभा राहून लाजत होता. मी त्याला म्हटलं, “जरा बाहेर ये ना, बोलायचं आहे.” तो म्हणाला, “आता काय बोलतं वं, लाव ना पयले!” सगळे हसले. कोणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. मी लावलं. त्या क्षणीही थांबता आलं असतं.

कूलरचं गाणं पहिलं. गिटार सुरू झाली आणि मग ड्रम आले. मी गुलफामकडे बघत होते. त्याला कळायला चार ठोके पुरले असतील. त्याने मान थोडी तिरकी केली, लांबून ओळखीचा माणूस येतोय असं वाटावं आणि तो दुसराच निघावा तशी. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो नुसता विचारत होता. मी खाली बघितलं. त्याला उत्तर मिळालं.

नबीचाचा डोळे मिटून ऐकत होते. गुडघ्यावर बोटांनी ठोका धरलेला. शेवटचं कडवं आलं तशी त्यांची भुवई वर गेली. सवयीने. बोटं वाढायला लागली आणि गाणं वाढलंच नाही. ते जिथल्या तिथे, साफ, एकसारखं संपलं. बोटं पुढे निघून गेली होती ती थांबली. दुसऱ्या गाण्याला तेच झालं. तिसऱ्याला भुवई गेली, पण अर्धीच. चौथ्याला त्यांनी डोळे उघडले.

नऊ गाणी संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रावणकाका म्हणाले, “एकदम बंबईसारखं झालं.” नबीचाचा मला म्हणाले, “बहोत अच्छा गाया, बेटी. बहोत अच्छा.” आणि मग, अगदी साधेपणाने, “लेकिन मंडप नहीं आया?”

ते मला विचारत होते. मुलाला नाही, मला. सतरंजीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. चाचा, हा गुलफाम नाही, हे मशीन आहे, त्याने आणला होता मंडप, मी तो फेकला. मी तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेतला. भांडायला मी कोणाच्या बापाला घाबरत नाही अशी माझी ख्याती. त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या माणसासमोर कपात तोंड लपवून बसले.

“स्टुडिओमे मंडप नहीं रहता, अब्बा,” गुलफाम म्हणाला. “वहाँ टिकटिक पे बजाना पडता. मैने ही हाथ रोका.”

“तूने रोका?”

“हौ.”

नबीचाचांनी मान हलवली. “अच्छा,” म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “ठीक है. वो लोग का तरीका अलग रहता.” आणि पेढ्याचं ताट स्वतः उचलून सगळ्यांना वाटायला लागले. मला दोन दिले.

बसस्टँडवर गुलफाम मला सोडायला आला. मी सगळं सांगितलं. तारीख, सागरदादा, आवाज, सगळं. तो ऐकत राहिला. म्हणाला, “सांगतलं असतं त मी स्वतःच म्हनलं असतं, लाव मशीन.” गाडी लागली होती.

पुण्याचा कार्यक्रम झाला. गुलफाम आला, शब्द पाळायचा म्हणून. कानात टिकटिक घालून बसला. महिनाभर घरी तेवढंच करत होता म्हणे. त्याने अल्बममध्ये आहे तस्संच वाजवलं, चुकासुद्धा त्याच. शेवटच्या कडव्याला मी वळून त्याच्याकडे बघितलं, डोळ्यांनी म्हटलं, सोड ना आता, सोड. तो माझ्या पायांकडे बघत नव्हता. समोर भिंतीकडे बघत होता. लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं की विदर्भातून आलेल्या या बँडचं वादन कमालीचं शिस्तबद्ध आहे. परतल्यावर गुलफामने सांगितलं की अब्बांची तब्येत बरी नसते, दुकानात बसावं लागतं, आता जमणार नाही. मी आणि सौमित्र दोघांनी काही दिवस दुसरा ड्रमर शोधल्यासारखं केलं. मग सौमित्र नागपूरला नोकरीला लागला.

नोव्हेंबरात सागरदादा रस्त्यात भेटला. बोलता बोलता म्हणाला, त्या दिवशी तुम्ही तिघांनी मिळून वाजवलं ते माझ्याकडे आहे अजून, पुसलं नाही. मी तशीच त्याच्या गाडीवर बसून स्टुडिओत गेले आणि ऐकलं. माझा आवाज चिरकलेला आहे. दोन ठिकाणी शब्दच नाहीत, नुसती धाप आहे. आणि नवव्या गाण्याला मंडप असा येतो की खुर्चीत बसवत नाही. अल्बम हा होता. आम्ही तो केला होता आणि मी तो टाकून दिला होता. मी रडले, सागरदादा बिचारा पाणी आणायला पळाला.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. गुलफामला पेन ड्राइव्ह दिला. म्हटलं, जुना अल्बम काढून टाकते, हा लावते, वर लिहिते की आधीचे ड्रम मशीनचे होते, चूक माझी. मला वाटलं होतं, तो निदान ऐकेल. त्याने पेन ड्राइव्ह परत माझ्या हातात ठेवला.

“अब्बा सगळ्याईले तोच अल्बम ऐकवतेत,” तो म्हणाला. “पानठेल्यावर, मस्जिदीबाहेर, लग्नाची सुपारी घेऊन आले त त्याईले. म्हनतेत, पोट्ट्यानं हात आवरला, आमाले कधी जमलं नाई. आता तू हे लावशील त मी अब्बाले काय सांगू? तवा तुमच्या तोंडावर खोटं बोललो म्हनू?”

“मी सांगते त्याईले. तू खोटं माझ्यासाठी बोलला.”

“नको,” तो म्हणाला. “तुले माह्यासाठी काही कराचंच असन ना जुई, त चूप राय. कोनालेच नको सांगू.”

मी कबूल केलं. मला ते प्रायश्चित्तासारखं वाटलं, थोडं बरंही वाटलं, याची आज लाज वाटते. वर्षभर चूप राहिले. लोक ड्रमरची तारीफ करायचे आणि मी थँक्यू म्हणायचे.

या जानेवारीत नबीचाचा गेले. हृदयाचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी आणि सौमित्र दुसऱ्या दिवशी जाऊन आलो, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. चाळिसावा दिवस झाल्यावर मी एकटी पुन्हा गेले. दुपारची वेळ, दुकानाचं अर्धं शटर वर. गुलफाम एकटाच लाल कोट घडी करून पेटीत ठेवत होता. एका डीजेवाल्याला ते हवे होते, पोरांना घालायला.

मी त्याच्याशेजारी बसले. मग म्हटलं, आता तर लावू ना ते रेकॉर्डिंग? आता तू खोटा पडायचा प्रश्न नाही. लोकांना कळू दे तू कसा वाजवतो.

त्याने कोटाची बाही नीट केली. “तुले मालूम हाये का,” तो म्हणाला, “अब्बानं मंडप आननं बंद केलतं. तो अल्बम आला तवापासून. लाइट दिसले की मी वाट पाहो, ते इशाराच नाई करत. मी एकदा विचारलं, त म्हने, तुझे रेकॉर्डिंग करना है बेटा, आदत बिगड जाएगी तेरी. दीड साल. एकाबी वरातीत नाई.”

मी पुढचा कोट उचलला आणि घडी घालायला लागले.

“मी आपल्या मनानं वाढवला असता ठोका,” तो म्हणाला. “पन मंग ते म्हनले असते, तिथं त हात आवरला म्हनते, मंग इथं काहून सुटला?”

“गुलफाम, मी लावते ते. नाव तुझं, चाचांचं...”

“लाव ना. मी कुठं नाई म्हनतो.” त्याने पेटी बंद केली आणि तिच्यावर बसला. “पन मले त मालूमच हाये मी कसा वाजवतो. तुले मालूम हाये. लोकाईचं मले काही नाई. ज्याले ऐकवाचं होतं तो एकच मानूस होता, जुई. अन् त्या दिवशी तू त्याच्यासमोरच बसली होती.”

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.